डाव्या खांद्याची रायफल

माझ्या दुकानात शिरणारा माणूस आधी आवाज खाली आणतो. बाहेर रिक्षावाल्याशी भांडून आलेला असला तरी आत पाऊल पडलं की हळू बोलायला लागतो, जणू कपाटात कुणी झोपलंय. कपाटात असतात बंदुका. साखळीत ओवलेल्या, कुलूपबंद, एकीतही काडतूस नाही. तरी माणसं कुजबुजतात. मी आयुष्यभर हा चमत्कार पाहत आलोय.

नांदेडच्या जुन्या भागात आमचं हत्यारांचं दुकान आहे. आजोबा निजामाच्या फौजेत बंदुका दुरुस्त करायचे. फौज गेली, हुनर घरात राहिला. अब्बांनी दुकान टाकलं, मी ते चालवलं, आणि आता भाचा सांभाळतो. मी दुपारी जाऊन बसतो, चहा पितो आणि त्याच्या कामात खोट काढतो. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हणून निरोप आला तेव्हा भाचा म्हणाला, मामू, लोकांना गोळीबार पाहिजे, तुम्ही ग्रीस आणि पॉलिशचं लिहाल. त्याचं खरं आहे. माझं निम्मं आयुष्य बँकेच्या पहारेकऱ्यांच्या गंजलेल्या दुनळ्या साफ करण्यात गेलं. पण एक गोष्ट अशी घडली की ती सांगितल्याशिवाय माझा धंदा काय होता हे कुणाला कळायचं नाही.

आधी थोडं धंद्याचं सांगतो. आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. अब्बांच्या काळातली गिऱ्हाइकं वाघाच्या गप्पा मारायची. माझी गिऱ्हाइकं परवान्याच्या फाइलीच्या मारतात. आता बंदूक घेणारे साधारण तीन प्रकारचे. स्वतःच्या किंवा मालकाच्या राखणीसाठी घेणारे, मैदानावर निशाणेबाजी करणारे, आणि पिकाच्या राखणीसाठी घेणारे शेतकरी. रानडुकरं पिकात शिरून नासाडी करायला लागली की वनखातं रीतसर अर्ज घेऊन, पाहणी करून, एखाद्या परवानाधारकाला तेवढ्यापुरती परवानगी देतं. त्याउप्पर कुणी चाप ओढला तर तो गुन्हा. चौथाही एक प्रकार असतो, लग्नात हवेत बार काढण्यासाठी घेणारा. तो ओळखू आला की माझ्या दुकानातला माल त्या दिवशी संपलेला असतो.

रायफल निवडायला आलेल्या माणसाला मी किंमत सांगत नाही, आधी विचारतो की काम काय. मग बघतो की ज्या रायफलीवर त्याचं मन आहे तिचं काडतूस आज मिळतं का. जुन्या विलायती रायफली दिसायला राजबिंड्या असतात, पण त्यांचं काडतूस मिळत नसेल तर ती भिंतीवरची काठी. आणि शेवटी बघतो त्याचा खांदा. हे शेवटचं लोकांना पटत नाही. चप्पल घालून बघणारा माणूस रायफल मात्र नुसती डोळ्यांनी पसंत करतो.

लातूरजवळच्या मुरुडचा एक तरुण व्यापारी एकदा असाच आला. त्याला लिव्हरची रायफल हवी होती. या रायफलीत चापाभोवती एक लोखंडी कडी असते. बोटं त्या कडीत घालून ती खाली ढकलायची की रिकामं काडतूस बाहेर उडतं, परत वर ओढली की नवं काडतूस नळीत बसतं आणि मागचा घोडाही चढतो. सगळं एका हाताच्या हेलकाव्यात. कुठल्याशा परदेशी सिनेमात घोड्यावरचा नायक ही रायफल एका हातानं गरकन फिरवतो, ते याच्या मनात भरलेलं. मी त्याला एक रिकामी रायफल दिली आणि म्हणालो, चहा येईपर्यंत खांद्याला लावून धरा. चहा कोपऱ्यावरून यायचा होता. तो यायच्या आधीच नळी जमिनीकडे झुकली आणि साहेबांनी स्वतःच हसून रायफल टेबलावर ठेवली. त्याला मैदानावरच शिकायचं होतं, म्हणून मी साधी बारीक काडतुसाची बोल्टवाली रायफल सुचवली. बोल्ट म्हणजे रायफलीच्या उजव्या कुशीला असलेली दांडी. ती वर उचलून मागेपुढे केली की तेच काम होतं. आज तो लातूर भागात चांगला नेमबाज म्हणून ओळखला जातो, आणि दिवाळीला न चुकता पेढे पाठवतो.

म्हणजे लिव्हरची रायफल न विकण्यातच माझी हयात गेली. ज्याच्यासाठी ती खरंच योग्य होती असं एकच माणूस मला भेटलं, आणि ते माणूस रायफल विकायलाही आलं नव्हतं, घ्यायलाही.

हदगाव तालुक्यातले माधवराव माझे जुने गिऱ्हाईक. उंचपुरे, हळदीचे बागायतदार. त्यांनी उदगीरच्या एका वकिलांच्या घरातून जुनी लिव्हरची रायफल घेतली होती. मी नको म्हणत होतो, पण तिचं काडतूस आपल्या सरकारी कारखान्यात अजून बनतं, एवढी एक बाजू तिच्याकडे होती. माधवराव अचानक हृदयविकारानं गेले. परवानाधारक गेला की त्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करावं लागतं. तशी ती रायफल माझ्या कपाटात येऊन बसली होती.

काही महिन्यांनी माधवरावांचे धाकटे भाऊ बाबाराव दुकानात आले. सोबत माधवरावांच्या पत्नी सत्यभामाबाई. बाबाराव हदगावातच राहतात, कृषी केंद्र चालवतात, माणूस वाईट नाही. रायफल त्यांच्या नावावर करायची असं घरात ठरलं होतं. त्यासाठी बाईंची आणि लातूरला नोकरी करणाऱ्या मुलीची संमती लागत होती. मुलीची आली होती, बाई सहीसाठी आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या आसपास वय, किरकोळ अंग, डोक्यावर पदर, आणि हात मात्र शेतात राबणाऱ्या माणसाचे.

पेन हातात घेऊन त्या थांबल्या. म्हणाल्या, एकदा रायफल बघू द्या.

मी रायफल काढली. कडी खाली करून आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, त्यांनाही दाखवली, आणि मगच हातात दिली. मला वाटलं, नवऱ्याची वस्तू आहे, हात फिरवतील, डोळे पुसतील. बाईंनी ती उचलून सरळ खांद्याला लावली. डाव्या. गाल मागच्या लाकडी दस्त्यावर टेकला, डावा डोळा नळीच्या टोकावरच्या माशीच्या रेषेत आला, उजवा हात नळीखाली गेला. नळी कुठंही हलली नाही.

बाबाराव म्हणाले, "वहिनी, उलटी धरली तुमी."

"मला अशीच धरता येते," बाई म्हणाल्या. "ते असताना तेल मीच लावत होते हिला."

मग रायफल खाली घेऊन त्यांनी मला जे विचारलं ते मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "चाचा, मी डावरी हाय. विळा मी लोहाराकडून उलट्या धारेचा करून घेते. तशी बंदूक मिळते का?"

बाबारावांना वाटलं बाई सहज विचारतायत. मला तसं वाटलं नाही. मी म्हणालो, उलटी मिळणं अवघड आहे, बाई. पण दोन्ही हातांना सुलटी अशी एक असते. ती तुमच्या हातात आहे.

त्या दिवशी सही झाली नाही. बाईंचं म्हणणं साधं होतं. बाबाराव गावात, शेत गावापासून लांब, आणि शेतात राहणार त्या. डुकरांच्या कळपानं दोन हंगाम भुईमूग आणि हळद उकरून टाकली होती. राखणीला जातं ते माणूस आणि परवाना ज्याच्या नावावर ते माणूस वेगळं असून उपयोग काय? बोलताना त्या डुकराला ‘ते जनावर’ म्हणत होत्या. आमच्याकडे हिंदू शेतकरी आमच्यासमोर त्याचं नाव घ्यायला संकोचतात. मी म्हणालो, बाई, नाव घ्या खुशाल, माझं निम्मं दुकान त्याच्यावरच चालतं. तेव्हा पहिल्यांदा त्या हसल्या. बाबाराव हसले नाहीत. घरात माणसं असताना बाईच्या हातात रायफल, लोक काय म्हणतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तोंडानं ते एवढंच म्हणाले की वहिनींच्या जिवाला काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू. त्यांची ती काळजीही खोटी नव्हती.

पुढच्या खेपेला सत्यभामाबाई एकट्या आल्या. म्हणाल्या, "त्यांची हाय म्हणून मला ती नको. माझ्या हाताला जी बसंल ती सांगा."

हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं. असं गिऱ्हाईक आलं की दुकानदाराचा दिवस सार्थकी लागतो. मी टेबलावर तीन हत्यारं मांडली. पहिली दुनळी. शेतकऱ्यांची आवडती, जवळून छर्ऱ्याचं काम चांगलं करते. पण डुकरासारख्या जाड कातडीच्या जनावराला थोडं लांबून छर्रा नुसता जखमी करतो. शिवाय तिचा दस्ता उजव्या गालासाठी किंचित वळवलेला असतो. बाईंनी डाव्या खांद्याला लावली तर नळ्या नजरेच्या रेषेतच येईनात. दुसरी आपली देशी बोल्टची रायफल. मजबूत, भरवशाची, सगळ्यांना मी हीच देतो. पण दांडी उजव्या बाजूला. डावऱ्या माणसाला प्रत्येक गोळीनंतर रायफल खांद्यावरून काढून, हात वरून पलीकडे नेऊन दांडी ओढावी लागते. तेवढ्यात जनावर कुठच्या कुठं जातं. तिसरी लिव्हरची. तिची कडी मधोमध, पोटाखाली. रिकामं काडतूस वरच्या अंगानं उडतं. माणूस डावरा का उजवा, तिला फरक पडत नाही.

तिचे दोषही मी सांगितले. वजनदार आहे. धक्का मोठा देते. घोडा उघडा असतो, तो अर्धा चढवून ठेवणं एवढीच तिची राखण. अंगठा घसरला तर बार उडू शकतो. आणि मैदानावर आडवं पडून नेम धरायचा तर कडी खाली ढकलताना जमिनीला लागते, म्हणून मैदानवाले लोक तिला नाकं मुरडतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिन्ही पुन्हा एकेकदा खांद्याला लावल्या, आणि तिसरीवर हात ठेवला. निवड त्यांची होती. मला फक्त ती मनोमन पटली.

परवान्यासाठी हत्यार हाताळायचं शिकल्याचा दाखला लागतो. शहराबाहेर रायफल क्लबचं मैदान आहे, तिथं शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. शिस्तीचे, कमी बोलणारे. क्लबच्या सगळ्या रायफली बोल्टच्या. सुभेदारांनी बाईंना पहिल्याच दिवशी उजव्या खांद्यावर घ्यायला लावलं. फौजेत असंच शिकवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण बाईंच्या गोळ्या पुठ्ठ्याच्या कडेलाही लागेनात. दर वेळी गावाकडची बस पकडताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. शेवटी मी मैदानावर गेलो आणि सुभेदारांना सांगितलं की बाई डावऱ्या आहेत आणि पुढं लिव्हरची रायफल चालवणार आहेत. ते म्हणाले, ती रायफल आडवं पडून चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, बाई शेतात आडव्या पडून नेम धरणार नाहीत, उभ्यानं धरतील, नाहीतर गुडघ्यावर. सुभेदारांनी बराच विचार केला. मग बाईंना म्हणाले, घ्या डाव्या खांद्यावर.

त्या दिवशी त्यांना प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली घेऊन दांडी ओढावी लागत होती, तरी गोळ्या काळ्या गोलात पडल्या. सुभेदारांनी पुठ्ठा काढून आणला, माझ्यासमोर धरला आणि बाईंसाठी नवा पुठ्ठा लावायला गेले. फौजी माणसाची माफी मागायची ती पद्धत असावी.

चौकशी, पोलीस, तहसील असं सगळं होऊन परवाना आला. रायफल बाईंच्या नावावर झाली. बाबारावांनी अडवलं नाही, पण बोलणंही कमी केलं.

मग आला खरा पेच. माधवराव सहा फुटांचे, त्यांच्या हाताच्या मापाचा दस्ता बाईंना लांब पडत होता. लांब दस्ता म्हणजे मान ताणून नेम धरणं, आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर घेणं. त्यात या जुन्या रायफलीच्या दस्त्याचं टोक कोयत्यासारखं आत वळलेलं, त्यावर लोखंडी पट्टी. ती दंडावर बसली की माणूस दुसरी गोळी झाडायला नको म्हणतो. नळीला हात लावायला कायद्यानं मनाई आहे, पण लाकूड मापात आणता येतं. कापायचं आणि टोकाला रबराची गादी बसवायची. कापलेलं लाकूड मात्र परत जोडता येत नाही.

त्या दिवशी बाबाराव सोबत होते. कापायच्या जागी मी पेन्सिलीनं खूण केली तशी ते पुढं आले. म्हणाले, "चाचा, हे अक्रोडाचं लाकूड हाय. दादाच्या हाताची झिलई हाय त्याच्यावर. कापू नका." मी करवत खाली ठेवली. खरं सांगतो, तसं लाकूड आता बघायला मिळत नाही. गालाखाली जिथं माधवराव टेकत होते तिथं ते मधासारखं उजळलेलं होतं.

सत्यभामाबाईंनी दस्त्यावर हात ठेवला. "भाऊजी, ते गेले," त्या म्हणाल्या. "मापाची नसली तर ही मला मारंल, नाहीतर दुसऱ्याला. कापा, चाचा."

मी कापलं. आयुष्यात हजारो दस्ते घासले असतील, एवढं हळू कधी कापलं नव्हतं. कापलेला तुकडा बाबारावांनी उचलून खिशात घातला. बाई तिकडं बघत नव्हत्या, त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी गादी बसवली, तिची धार घासून लुगड्याला अडकणार नाही अशी केली, आणि रायफल त्यांच्या खांद्याला लावून पाहिली. गाल जाऊन सरळ जागेवर बसला. शिंप्याला अंगरखा अंगावर नेमका बसल्यावर होतं ते सुख मला झालं, आणि ते लपवावं लागलं, कारण शेजारी बाबाराव उभे होते.

मैदानावर त्या रायफलीचा पहिला बार झाला तेव्हा शेजारच्या नेमबाजांनी आपापल्या रायफली खाली ठेवून पाहिलं. बाईंनी रायफल खांद्यावरून हलवली नाही, डोळा काढला नाही, नुसतं मनगट खाली वर केलं, आणि दुसरा बार, मग तिसरा. सुभेदार माझ्याकडे बघून म्हणाले, हिला आता कुणी काही शिकवू नका. दुसऱ्याच क्षणी स्वतः शिकवायला गेले. जनावराच्या मागे काय आहे ते आधी बघा, मागे माती असेल तरच चाप, माती नसेल तर जनावर जाऊ द्या. हे त्यांनी बाईंच्या कानात इतक्यांदा घातलं की मलाही पाठ झालं.

पुढच्या हंगामात वनखात्यानं पाहणी करून परवानगी दिली. त्या सकाळी जे झालं ते मी पाहिलं नाही. बाईंनी थोडं सांगितलं, बाबारावांनी जास्त.

उजाडत होतं. नाल्याच्या झाडीतून कळप हळदीत उतरायचा. वनरक्षक मागे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीजवळ, थांबले होते. बाबाराव हट्टानं आले होते, वहिनींना एकटं सोडणार नाही म्हणून, आणि बाजूच्या बांधावर उभे होते. बाई गुडघ्यावर. एक मोठा नर झाडीतून बाहेर आला, थांबला. मागे नाल्याची उंच दरड होती, मातीच माती. बाईंनी चाप ओढला. नेमकं त्याच वेळी जनावरानं पाऊल टाकलं, आणि गोळी मानेमागे लागायची ती मागच्या अंगाला लागली. पडण्याऐवजी ते वळलं आणि सरळ बाबारावांच्या दिशेनं सुटलं.

बाबाराव मागे सरकले, पाय घसरला आणि बांधावरून खाली पडले. उठता येईना. दुनळीवाल्याला दुसरी नळी असती, पण छर्रा पसरून बाबारावांनाही लागला असता. बोल्ट असती तर डावऱ्या हातानं पलीकडची दांडी ओढेपर्यंत सगळं संपलं असतं. बाईंचं मनगट खाली वर झालं होतं. तरी त्यांनी चाप ओढला नाही. जनावर आणि बाबाराव एका रेषेत होते. बाबाराव मला म्हणाले, "मी खालून बघून राहिलो होतो, वहिनीची नळी माझ्या अंगावरून सरकत चालली होती, आणि बार होत नव्हता. मला वाटलं, ह्या घाबरल्या." जनावर त्यांच्या शेजारून बांध चढायला लागलं तशी त्याची कूस उघडी पडली, मागे बांधाची माती आली, आणि तेव्हा बार झाला. ते बांधाच्या उतारावरच कोसळलं. पंचनामा झाला, वनखात्यानं विल्हेवाट लावली. बाबारावांचा घोटा मोडला होता, बाकी खरचटलेलंही नव्हतं.

तालुक्यात गवगवा झाला. दोघा-चौघांनी मलाही फोन केले. मी मोठ्या ऐटीत चहा पाजत होतो. दस्ता मी बसवलाय, मी सगळ्यांना सांगत होतो, आणि त्यात मला लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही.

आठवड्याभरानं दोघं दुकानात आली. बाबाराव कुबडी घेऊन, बाई रायफल घेऊन. मी उठून त्यांचं स्वागत केलं, दुसऱ्या गोळीबद्दल बोलायला लागलो. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"सगळे दुसरीचं बोलतात," त्या म्हणाल्या. "पहिली चुकली, चाचा. ते जनावर तळमळलं. आणि भाऊजींवर गेलं ते मी चुकले म्हणून गेलं. रायफलीत काही बिघाड हाय का ते बघा."

मी रायफल पूर्ण खोलली. नळी साफ होती, माशी जागेवर होती, चाप जसा ठेवला होता तसाच होता. त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगता आलं असतं. जुनी रायफल आहे, होतं असं. पण ज्या बाईनं नवऱ्याचा दस्ता कापायला लावला तिला खोटं सांगणं शोभलं नसतं. मी म्हणालो, रायफल ठीक आहे.

"म्हंजे माझंच चुकलं."

"हो. घाई झाली. जनावर पाऊल उचलायच्या बेतात असलं की थांबायचं असतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं, वाईट वाटल्याचं दिसलं नाही. निघताना म्हणाल्या, रविवारपासून मैदानावर येते. बाबाराव खुर्चीतच बसून होते. बाई बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "चाचा, दस्ता कापला ते बरं केलं." आणि कुबडी सावरत उठले.

सुभेदारांना मी सगळं सांगितलं. त्यांनी बाईंसाठी नवी रीत काढली. एका वेळी एकच काडतूस द्यायचं. ते झालं की रायफल टेबलावर, थोडं चालून यायचं, श्वास बसू द्यायचा, मग दुसरं. लिव्हरच्या रायफलीची सगळी शान तिच्या झपाट्यात, आणि सुभेदारांनी तिच्याकडून झपाटाच काढून घेतला. बाई तक्रार न करता चालत राहिल्या. पाऊस उघडला की त्यांना मैदानावर सोडायला बाबाराव गाडी घेऊन यायचे आणि लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. दुसऱ्या बायका येतात का हे मला लोक विचारतात. येतात, कॉलेजच्या मुली येतात, बारीक रायफलीवर फार छान नेम धरतात. त्या बाईंना मावशी म्हणतात आणि त्यांच्या गोळीच्या वेळी आपली थांबवतात.

पुन्हा परवानगी मिळायला बराच काळ गेला. ती मिळाली हे मला माहीत होतं, दिवस माहीत नव्हता. एका सकाळी मी घरी नमाजासाठी वजू करून नुकताच बसलो होतो तेव्हा फोन वाजला. सत्यभामाबाई बोलत होत्या, मागं वाऱ्याचा आवाज होता.

"चाचा," त्या म्हणाल्या, "एकच लागली. जागीच पडलं."

मी शाब्बास म्हणालो. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला, कारण वनरक्षक पंचनाम्यासाठी थांबले होते. मला मात्र बसवेना. घरात सगळे झोपलेले, कुणाला सांगावं कळेना. शेवटी सुभेदारांना फोन लावला. ते त्या वेळी फिरायला गेलेले असतात.

"एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच," मी म्हणालो.

पलीकडे त्यांची पावलं थांबलेली मला ऐकू आली. फोन मात्र आम्ही दोघांनीही ठेवला नाही.